तिकडची माणसं

माझ्या थोरल्या जाऊबाईंसारखी माणसांना अजिबात न लाजणारी बाई चंदगड तालुक्यात दुसरी नसेल, आणि जनावरांना इतकी लाजणारी बाई तर उभ्या जगात नसेल. तलाठी असो, जंगलखात्याचा गार्ड असो की एसटीचा कंडक्टर असो, अक्का सगळ्यांशी एकाच आवाजात बोलत आणि तो आवाज ओढ्यापलीकडच्या वाडीत ऐकू जाई. एकदा कंडक्टर त्यांची कोंबडी गाडीत घेईना. अक्का पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, "तिचं तिकीट काढते की. पर मग खिडकीजवळची जागा द्यायची तिला, सांगून ठेवते." कंडक्टरने मुकाट्याने घंटी मारली. पण हीच बाई पाणंदीत मुंगूस आडवं गेलं तरी डोक्यावर पदर ओढून बांधाला तोंड करून उभी राही, आणि मुंगूस दिसेनासं होईपर्यंत मान वर करत नसे.

मी कोडोलीची. आमच्याकडे घराबाहेर पडलं की ऊस, उसाच्या पलीकडे ऊस, आणि जनावर म्हणजे म्हैस. चौथीपर्यंत शाळा झाली, मग घरकाम आणि मग लग्न. लहानपणापासून मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी नाव विचारलं तरी मी शेजारच्याकडे बघते. अशी मी त्या डोंगरातल्या वाडीत सून होऊन आले. घराच्या परड्यापाशी माणसांची वस्ती संपायची आणि तिथूनच रान सुरू व्हायचं. मध्ये कुंपण नव्हतं. मध्ये होत्या फक्त अक्का. दिवस कलला की रानातले पक्षी एकेक करून गप्प होत. मग सगळंच गप्प होई, आणि त्या गप्पपणात कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला सारखं वाटत राही. मी तसं अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "बगनारच की. नवी सून आलीया, त्यास्नी कळायला नको?"

त्यास्नी म्हणजे कुणाला, ते मला आठवड्याच्या आत कळलं. अंगावरची हळद अजून गेली नव्हती. संध्याकाळी अक्का मला पाणंदीने ओढ्यावर घेऊन निघाल्या होत्या. चालता चालता त्यांनी एकदम माझा दंड धरून मला बाजूला ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "धाकले, पदर घे. मामंजी आल्यात." नव्या नवरीला दिवसातून दहा माणसांच्या पाया पडावं लागतं. कोण चुलत सासरे, कोण मावस सासरे, मी काही विचारत नसे. मी पदर कपाळाच्या खाली ओढला आणि सवयीने पुढे होऊन वाकले. वाकल्यावर पदराखालून पाय दिसतात. मला चपला दिसल्या नाहीत. दोन मोठे, गोल, पिवळट पंजे दिसले, इतके हलके टेकलेले की खालचं वाळलेलं पान मोडलं नव्हतं. मी ओरडले नाही, कारण ओरडायला आवाज लागतो. तशीच वाकून राहिले. पंजे थोडा वेळ थांबले, मग एकेक उचलून निघाले. तेवढ्यात माझ्या मागे अक्का पदर तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटल्या. एकच वाक्य असावं. मला ते ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सोप्यावरूनच पुकारा केला, "अवो, पोरगी बिबट्याच्या पाया पडली! कोडोलीला वळण हाय बगा!" मधले दीर जेवायला बसले होते. म्हणाले, "मग मामंजींनी आशीर्वाद काय दिला?" "खाल्लं न्हाय," अक्का म्हणाल्या, "ह्यो आशीर्वाद कमी हाय व्हय?" सगळे हसले. मला मात्र दोन दिवस ताप होता.

हळूहळू मला त्यांचा सगळा गोतावळा समजला. गवे म्हणजे भावकीतले दीर. भातात गव्यांचा कळप उतरला की बाकीचे लोक पत्र्याचे डबे बडवत, आणि गवे तिकडे बघतही नसत. अक्का बांधावर जाऊन कळपाकडे पाठ करून उभ्या राहत. जेवणाऱ्या दिरांच्या तोंडाकडे बाईमाणसाने बघू नये म्हणून पाठ. थोडा वेळ त्यांना खाऊ देत आणि मग खणखणीत आवाजात म्हणत, "झालं असंल तर हात धुवा आता! मागं बायकापोरं जेवायची हायत!" एवढी मोठी काळी धुडं, मान वर करून ऐकत आणि एकामागे एक रानात शिरत. हे मी स्वतः धुक्यात उभी राहून पाहिलं आहे. माळ्यावर एक लांबलचक धामण राहायची. तिला अक्का मधली जाऊ म्हणत आणि उंदीर दिसला की वर बघून बोलत, "खाती आन झोपती! घरात कामाला हात लावायचा न्हाय!" खरी मधली जाऊ खाली भाकरी थापत असे. तिला हे बोलणं आपल्यालाच आहे असं वाटे आणि मग परातीचा आवाज वाढे. ते तसं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हसू येई, पण त्या हसण्याच्या खाली काहीतरी गार होतं. अक्का परड्यात गेल्या की वाडीतली कुत्री भुंकायची थांबत. पहाटे उठून बघावं तर धुक्यात त्या एकट्या उभ्या, पदर डोक्यावर, आणि त्यांच्या समोर धुक्यातच काहीतरी उभं. ते निघताना त्या नेहमी पदर तोंडाशी नेत आणि ते एक वाक्य पुटपुटत. साळिंदर असो, अस्वल असो, वाक्य तेवढंच लांब. एकदा मी धीर करून विचारलं, "अक्का, काय बोलता?" "काय न्हाय," त्या म्हणाल्या. "तिकडची मानसं. विचारपूस नको व्हय करायला?"

तिकडची का, ते मला माझ्या मालकांनी सांगितलं, तेही मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर. थोरले दीर, म्हणजे अक्कांचे मालक, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी हिरडा गोळा करायला रानात गेले होते. नेहमीसारखे. आले नाहीत. वाडीने सगळं रान धुंडाळलं. एका झाडाच्या फांदीला त्यांचा कोयता नीट अडकवून ठेवलेला सापडला, घरी आल्यावर माणूस अडकवून ठेवतो तसा. बाकी काही नाही. रक्त नाही, कापड नाही, पाऊल नाही. त्यामुळे अक्कांनी कुंकू पुसलं नाही आणि बांगड्या काढल्या नाहीत. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ते पसंत नव्हतं, पण जिला वाघरू वाट देतं तिला सांगायला जाणार कोण? नवरा ज्या गावी राहतो ते बाईचं सासर. अक्कांच्या हिशेबाने त्यांचं सासर रानात गेलं होतं, आणि तिथून येणारा प्रत्येक जण सासरचा माणूस होता.

त्याच वर्षी माशा आल्या. सोप्याच्या भिंतीत दाराजवळ एक लाकडी खुंटी होती. तिच्यावर थोरले दीर घोंगडं अडकवायचे. ते गेल्यावर काही दिवसांनी ती खुंटी दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी भोक राहिलं. भरदुपारी रानाकडून एक काळा ढग घोंघावत आला, परड्यावरून, कौलांवरून, आणि कुणी काही करायच्या आत त्या एवढ्याशा भोकातून भिंतीत शिरला. सातेरी माशा होत्या, बारक्या, काळपट, आग्या मोहोळासारख्या तापट नव्हेत. तेव्हापासून त्या भिंतीतच राहत होत्या. पलीकडच्या बाजूला अक्कांची खोली होती, आणि त्या याच भिंतीला डोकं लावून झोपत. मी एकदा दुपारी कुणी नसताना त्या भिंतीला कान लावला. मातीची भिंत, पण माणसाच्या अंगासारखी ऊन लागली. आतून एकसारखा आवाज येत होता, घशातल्या घशात कुणी बोलत असल्यासारखा. मी कान काढला, तरी तो आवाज बराच वेळ माझ्या कानातच राहिला. अक्का माशांना लेकी म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आमच्या वन्संचं, म्हणजे धाकट्या नणंदेचं लग्न माघात ठरलं, आणि गोष्ट तिथे अडली. मांडव सोप्यासमोर पडणार. वाजंत्री, धूर, पाहुण्यांची गर्दी, आणि दाराजवळच भिंतीत मोहोळ. मधले दीर वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय सुचायचा, आणि तो म्हणजे पलिता. ते म्हणाले, "अक्का, त्या खालच्या वाडीच्या लग्नात माशी उठली तवा नवरदेव टाकीत बसून ऱ्हायला हुता. अक्षता पाण्यात पडल्या. आपल्या दारात तसलं नको. मांडवाची मेढ रोवायच्या आदी मी धूर लावनार आन मोहोळ जाळनार."

अक्का एरवी दोन शिव्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका खाली आला की मीच घाबरले. म्हणाल्या, "जाळू नगा. मी पाठवते त्यास्नी."

"कुठं पाठवता?"

"तिकडं. जिथनं आल्या तिथं."

"पोरीगत पाठवनार? बोला की, वऱ्हाड किती?"

"तुमी सोडून समदी," अक्का म्हणाल्या.

दिरांनी मेढ रोवायच्या सकाळपर्यंतची मुदत दिली. त्या सकाळी भिंतीवर एक जरी माशी दिसली तर पलिता पेटणार. घरात बाकी सगळ्यांना तो लग्नाच्या गडबडीतला आणखी एक तंटा वाटला. मला अक्कांचं तोंड दिसलं होतं. रानाने त्यांचा माणूस ठेवून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात एवढी एकच गोष्ट घरी धाडली होती. ती जळली असती तर अक्कांकडे काही उरलं नसतं.

भिंत उघडायला आमचे नेहमीचे गवंडी चाचा आले. बापापासून त्यांच्या घराण्याने वाडीतल्या निम्म्या भिंती बांधलेल्या. थापी हातात घेऊन ते खोलीत उभे राहिले आणि म्हणाले, "या अल्ला, अक्का, माझ्या हातानं लई भिंती उभ्या केल्या, पर भिंतीतनं लेकी काढायला पैल्यांदाच बोलवलंय बगा."

"तोंडातली बिडी टाका आदी. बायकामानसांत आलाय."

"बायकामानसं म्हंजे तुमी का त्या?"

"त्या. मला काय, मी चुलीतलं लाकूड बी वडते."

चाचांनी बिडी विझवली. अक्कांनी भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, दारावर करतात तसं, आणि पदर डोक्यावर घेतला. आतला आवाज थांबला. अगदी थांबला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग तो पुन्हा सुरू झाला, जरा वरच्या सुरात. चाचांनी मातीचा लेप काढला, मग एकेक दगड सैल करून बाहेर घेतला. अक्का खापरात शेणी पेटवून धूर देत होत्या, फुंकर अगदी हळू, तान्ह्या पोराच्या डोळ्यांत घालावी तशी.

शेवटचा दगड निघाला तेव्हा आम्ही तिघंही आत वाकलो. भिंतीच्या पोटात एक पोकळी होती आणि तिच्यात मेणाची पोळी लोंबत होती, एकाशेजारी एक, दोरीवर लुगडी वाळत घालावीत तशी. ती सगळी एकाच आडव्या लाकडाला धरून होती. अक्कांनी हात घालून चाचपलं आणि हात तिथेच ठेवला. ती खुंटी होती. ती बाहेर पडलीच नव्हती, पोखरलेल्या भिंतीत आत सरकली होती आणि आडवी अडकून बसली होती. माशांनी आपलं सगळं घर तिच्यावरच टांगलं होतं.

"तरीच," एवढंच अक्का बोलल्या.

कोंबड्यांचं डालगं त्यांनी आधीच शेणामातीने सारवून ठेवलं होतं. मेणाची पोळी कापून, केळीच्या वाखाने ती खुंटीलाच पुन्हा बांधली आणि खुंटी डालग्यात आडवी बसवली. मग माशा. ओंजळीने उचलून अक्का त्यांना आत ठेवत होत्या. त्यांचा हात कोपरापर्यंत काळा झाला, बांगड्या दिसेनाशा झाल्या, आणि ती काळी बाही चालत होती. त्यातून त्यांनी एक लांबट माशी दोन बोटांत धरून मला दाखवली. "ही राणी. ही गेली की बाकीच्या जातात." ती आत गेली आणि खरंच उरलेल्या माशा भिंतीवरून रांगेने डालग्याकडे चालू लागल्या, उडाल्या नाहीत. अक्कांनी डालग्याची ओटी भरली. तांदूळ, सुपारी, खणाचा तुकडा, हळदकुंकू. चाचा दाराबाहेर टोपी नीट करून उभे राहिले. कुणाच्याही पोरीच्या पाठवणीला ते असेच उभे राहत.

दिवस मावळताना डालग्याचं तोंड फडक्याने बांधून आम्ही दोघी ते घेऊन निघालो. परड्यापलीकडे, जिथे देवाची राई सुरू होते, तिथे एक मोठी पोकळ जांभूळ होती. घरापासून हाकेच्या अंतराच्या थोडं पुढे. अक्कांनी डालगं ढोलीत बसवलं, फडकं काढलं आणि झाडाला म्हणाल्या, "पोरी गुणाच्या हायत. जरा संभाळून घ्या." परतताना त्यांनी मला मागे बघू दिलं नाही. पाठवणी झाल्यावर मागे बघायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या जाऊबाईंची किंकाळी ऐकू आली. सोप्याच्या भिंतीवर, चाचांनी लिंपलेल्या ओल्या मातीवर, खुंटीचं भोक होतं बरोबर त्याच जागी, माशांचा मूठभर घड बसला होता. आणखी येत होत्या. रानातून सरळ यायच्या, भोक शोधायच्या आणि सापडेना म्हणून घडावर बसायच्या. मला आता वाटतं, डालगं फार जवळ नेलं होतं. सकाळी चरायला बाहेर पडलेल्या माशांना जुनीच वाट पाठ होती. तेव्हा हे कुणालाच सुचलं नाही. सगळ्यांत कमी सुचलं अक्कांना, कारण त्यांना आनंद झाला होता.

"आल्या की गं! मांडवपरतणीला आल्या!"

लग्न होऊन गेलेली मुलगी दोन-तीन दिवसांनी माहेरी येते, ती मांडवपरतणी. ती आलेल्या लेकीला त्याच दिवशी परत लावायचं नाही, एक रात्र तरी ठेवून घ्यायचं, अशी आमच्या घरची रीत. अक्कांनी रीत पाळली. वाटीत गुळाचं पाणी करून भिंतीशी ठेवलं. दिवा लावला. मी म्हटलं, "अक्का, रात्री गार पडतं," पण मी ते इतक्या हळू म्हटलं की मलाच धड ऐकू आलं नाही. त्या रात्री त्या सोप्यावरच झोपल्या, लेकींजवळ.

सकाळी धुकं दारापर्यंत आलं होतं. भिंत रिकामी होती. भिंतीच्या पायाशी माशांचा ढीग पडला होता, दवाने भिजलेला. एखादा पाय हलत होता. मग तोही हलायचा थांबला. अक्का ढिगासमोर बसून होत्या. मी शेजारी बसले. रानातून एकही आवाज येत नव्हता. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "त्या दिशी ते म्हनत हुते, आज नको जायला, अंग मोडून आलंय. मी म्हटलं, जावा, हिरडा दुसरी न्हेतील." मग ढिगावर हात ठेवून म्हणाल्या, "ज्यास्नी ठेवून घ्यायचं त्यास्नी जावा म्हटलं. आन ज्यास्नी जावा म्हनायचं त्यास्नी ठेवून घेतलं. माझं सगळं उलटं."

मी सूप आणलं आणि आम्ही दोघींनी त्या मेलेल्या माशा भरून परड्यात तुळशीच्या आळ्यात पुरल्या.

दुपारी पुन्हा माशा आल्या, आदल्या दिवशी बाहेर न पडलेल्या. या वेळी अक्कांनी गूळ ठेवला नाही. दिवस कलला तसं त्यांनी भिंतीवरचा घड पिसाने हलकेच सुपात झाडला, वर फडकं धरलं आणि जांभळीकडे निघाल्या. मी पाठोपाठ. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. घरात लाडू वळले जात होते, मधले दीर भिंतीकडे बघून पलित्याची चिंधी तेलात बुडवत होते, आणि आम्ही दोघी रोज संध्याकाळी सूपभर माशा सासरी पोचवत होतो. मधल्या जाऊबाई म्हणाल्या, "धाकलीला बी लागलं की हो येड." मला वाईट वाटलं नाही. रोज घड थोडा लहान होत होता.

मेढ रोवायच्या आदल्या संध्याकाळी भिंतीवर ओंजळभरच माशा उरल्या होत्या. पण उद्या सकाळी त्यातली एक जरी इकडे दिसली तर दीर भिंतीवर थांबणार नव्हते, जांभळीपर्यंत जाऊन डालगंच पेटवणार होते. तसं त्यांनी बोलून दाखवलं होतं. अक्कांनी माशा आपल्या ओंजळीत घेतल्या, सुपात नाही. त्या दिवशी धुकं लवकर उतरलं होतं. राईच्या तोंडाशी आलो आणि अक्का थांबल्या. जांभळीच्या बुंध्याशी, डालग्याच्या खालीच, मामंजी बसले होते. धुक्यात ठिपके दिसत नव्हते, नुसता आकार, आणि दोन डोळे आमच्याकडे. त्यांच्या डोक्यावर डालगं गुणगुणत होतं. वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. त्या आवाजाशिवाय जगात काही उरलं नव्हतं.

अक्कांचे दोन्ही हात माशांनी भरलेले. त्यांना पदर घेता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात मी त्यांना एवढं गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. बिबट्यासमोर आपलं डोकं उघडं आहे, ही त्यांची अडचण होती. मी पुढे झाले, त्यांचा पदर त्यांच्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि मग माझा ओढला. आम्ही दोघी वाटेच्या कडेला मान खाली घालून उभ्या राहिलो.

ते उठले. आमच्या अगदी जवळून गेले, इतक्या जवळून की ओल्या केसांचा वास आला. आणि ते जात असताना, हात मोकळे नसल्यामुळे, अक्कांना तोंडाशी पदर धरता आला नाही. म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य मला ऐकू आलं.

"घरी समदी बरी हायत म्हनून सांगा."

एवढंच. या म्हणून नाही, कधी येणार म्हणून नाही. गव्याला, अस्वलाला, मुंगसालाही त्या हेच सांगत आल्या होत्या. कुणीतरी पोचवेल म्हणून.

मग त्यांनी ओंजळ डालग्याच्या तोंडाशी धरली. माशा एकेक करून आत चालत गेल्या. शेवटची एक बोटावर घुटमळली. "जा गं," अक्का म्हणाल्या. "आता ठेवून न्हाय घेत." तीही गेली.

सकाळी भिंत कोरडी आणि रिकामी होती. मधल्या दिरांनी जवळ जाऊन, वाकून, बोटाने चाचपून पाहिलं. मग पलित्याची चिंधी सोडून तिलाच हात पुसले आणि म्हणाले, "नांदायला लागल्या म्हना की." अक्का म्हणाल्या, "तुमच्यापरास बरं नांदतील." मेढ रोवली. लग्न झालं. वन्सं रडत रडत सासरी गेल्या आणि मांडवपरतणीला हसत आल्या. पण अक्कांना पुढे कितीतरी दिवस झोप लागत नसे. भिंत गार झाली होती आणि तिच्यातून आवाज येत नव्हता. कधी कधी दुपारी मला हाक मारून त्या मला भिंतीपलीकडे बसवत आणि सांगत, "धाकले, तू काय तरी बोल की गं. बारीक आवाजात. तुझा आवाज तसाच हाय." मी बोलत असे. सोप्यावर बसून, भिंतीला तोंड लावून, भाजी काय केली, म्हशीने दूध किती दिलं, असलं काहीही. माझा आवाज कुणाला पुरेसा वाटला तो तेवढाच.

पुढे एका पावसाळ्यात अक्का अंथरुणातच गेल्या, तापाने, इतर माणसं जातात तशा. पाऊस उघडल्यावर मी जांभळीकडे गेले. ढोलीत डालगं होतं, खुंटीवर मेणाची पोळी होती, स्वच्छ आणि कोरडी. माशी एकही नव्हती. मेलेलीही नव्हती. सगळं आवरून, घर झाडून कुणी गावाला जावं तसं. मी ती खुंटी घेतली नाही. जिथे होती तिथेच राहू दिली.

आता मी कोल्हापुरात लेकाकडे असते. इथे मागे हातभर जागा आहे आणि तिच्यात एक शेवगा आहे. तो फुलला की कुठून कुणास ठाऊक बारक्या काळपट माशा येतात. परवा सकाळी मी भांडी घासत होते. एक माशी नळाच्या तोटीवर येऊन बसली. माझा ओला हात आपोआप डोक्याकडे गेला आणि मी पदर घेतला. सून दारातून बघत होती. म्हणाली, "आई, कोण आलंय?"

"पावणं," मी म्हटलं.

तिने गल्लीत डोकावून पाहिलं आणि हसून आत गेली. ती आत जाईपर्यंत मी थांबले. मग पदर तोंडाशी धरला आणि अक्कांसाठी निरोप दिला, घरी समदी बरी हायत. माशी जरा वेळ थांबली, ऐकल्यासारखी, आणि शेवग्यावरून वर गेली.